हळदीत टिकलं ते गाणं

रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात लग्नापेक्षा आदल्या रात्रीची हळद मोठी असते. जेवणावळ, पाहुणेरावळे, रुसवेफुगवे, नाच, सगळ्याचा जोर त्या रात्रीवर. लग्नसराईत नेरळ स्टेशनाच्या पूर्वेला उतरून कळंबच्या रस्त्याला लागलं, की पोशीर यायच्या आधीच कुठल्या वाडीत मांडव पडलाय ते कानाला कळतं. आणि थोडं थांबून ऐकलं, तर रात्र किती चढली आहे तेही कळतं, कारण हळदीच्या गाण्यांना क्रम असतो. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेला कुणाला खपत नाही. पहिलं गाणं गणपतीचं. मग एकवीरा आई, मग खंडोबा. देव झाले की कोळीगीतं, नाखवा आणि होडी आणि दर्या. मधे माथेरानचा डोंगर आडवा असून समुद्र त्याच्याही पलीकडे, तरी पोशीरच्या मांडवात दर्या येतोच. त्यानंतर शिंदे घराण्याची पाळी. प्रल्हाद शिंद्यांचं एखादं विठ्ठलाचं गाणं आधीच होऊन गेलेलं असतं, आता आनंद शिंद्यांचा ‘नवीन पोपट’ लागतो आणि खुर्चीवर बसलेले काके-मामे उठतात. पोरं मात्र मघापासून वाट बघत असतात ती शेवटच्या गटाची, म्हणजे ‘यंदाच्या’ गाण्याची.

हे यंदाचं गाणं कुठून येतं? ते यंदाचं आहे हे ठरवतं कोण? आणि पुढच्या वर्षी त्याच मांडवात ते पुन्हा लागणार की नाही, हे कशावरून ठरतं? गाण्याची आवड ही आपण अगदी खासगी गोष्ट मानतो. ज्याचा त्याचा कान, ज्याचं त्याचं मन. कर्जत-खालापूरच्या आतल्या गावांत या गोष्टीकडे बघितलं की वेगळंच काही दिसतं. इथे गाणं सापडतं एकट्याला, पण ठरतं चारचौघांत. आणि ज्याला काही काम मिळतं तेच टिकतं.

चाल ओळखीची, शब्द नवे

मांडवात स्पीकर येण्याच्या कितीतरी आधी इथल्या लग्नांना गाणी होतीच. आगरी घरांतल्या लग्नात धवलारीण लागते. हळद, तेल, मांडव, पाठवणी अशा एकेका विधीला ती धवलं म्हणते आणि बाकीच्या बाया तिच्यामागे ओळ धरतात. धवळ्यांची ही परंपरा फार जुनी आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंसाठी महदंबेनं जे धवळे रचले, ते मराठी स्त्रीच्या नावावरचं सर्वांत जुनं काव्य मानलं जातं, आणि तेही लग्नाचंच गाणं आहे. धवलारणीच्या गाण्यात प्रत्येक लग्नात नवं काय असतं? नवरा-नवरीचं नाव, आईबापाचं नाव, गावाचं नाव. चाल तीच. म्हणजे प्रत्येक लग्नाला नवं गाणं मिळतं आणि तरी कुणाला ते शिकावं लागत नाही. पहिल्याच ओळीला सगळ्या बाया आत शिरू शकतात.

नवं गाणं लोकांच्या गळी उतरवण्याची ही युक्ती मराठीत पुढेही सतत वापरली गेली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा प्रेक्षकांसमोर गाण्यांचा नवाच ढीग पडला होता. पण त्यातल्या साक्या, दिंड्या, कामदा लोकांना कीर्तनातून पाठ होत्या. त्या काळातली छापील नाटकं उघडली तर बहुतेक पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या कुठल्यातरी पदाचं नाव दिलेलं आढळतं. नवं पद जुन्या ओळखीनं घरात घ्यायचं, ही त्यामागची रीत. गावोगावचे भजनी बुवा आजही तेच करतात. एकादशीच्या रात्री अभंग तुकोबांचा असतो आणि चाल कुठल्याशा सिनेमाच्या गाण्याची. तरणी पोरं गालात हसतात आणि टाळ अधिक जोरात वाजवतात. चौदा एप्रिलला बौद्धवाडीत होणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमातही हा रिवाज आहे. वामनदादा कर्डकांपासूनच्या शाहिरांनी स्वतःच्या चालीही बांधल्या, पण लोकप्रिय चालीवर नवा विचार बसवण्याची वाट भीमगीतांनी कधी वर्ज्य मानली नाही.

उलट दिशेचा प्रवासही याच डोंगरपट्ट्याला ठाऊक आहे. ठाकरांच्या जगण्यावर गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिच्यावर सिनेमा केला, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. शहरातल्या श्रोत्यांना रानाचा, ढोलाचा तो ठेका एकदम नवा वाटला आणि आवडला. त्यातलं ‘आम्ही ठाकर ठाकर’ आता महाराष्ट्रभर शाळांच्या स्नेहसंमेलनांत नाचलं जातं. ठाकरवाडीवरच्या मुलांनाही शाळेत बाई ‘ठाकर नाच’ म्हणून तेच बसवून देतात. घरी गौरी-गणपतीत कांबडनाच बघून मोठी झालेली ही मुलं स्टेजवर मात्र सिनेमातली ठाकरं होतात. त्यांना ते गाणं आवडत नाही असं नाही. खूप आवडतं. आपल्या नावाचं गाणं माईकवर वाजतं याचा आनंद वेगळाच असतो.

बेंजोची चाळणी

हळदीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत अजून ज्याचा मान आहे ते वाद्य म्हणजे बेंजो. नाव अमेरिकेतलं असलं तरी वाद्य जपानचं आहे. नागोया शहरात गोरो मोरिता यानं १९१२ साली ‘ताईशोगोतो’ तयार केलं. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवलेल्या. एका हातानं कळ दाबायची, दुसऱ्या हातानं तार छेडायची. हिंदुस्थानात ते ‘बुलबुल तरंग’ झालं, मुंबई-कोकणात त्याला वीज जोडली गेली आणि ‘बेंजो’ हे नाव कायम झालं. त्याच्याभोवती ढोल, ताशा, कच्ची, ऑक्टोपॅड, कीबोर्ड जमले की झाली बेंजो पार्टी. २०१६ साली रवी जाधवांनी या वादकांवर ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमाही काढला. त्याआधी इथे खालूबाजा होता, सनई आणि ढोलांचा. तो आजही काही गावांत वाजतो, पण तरण्या पोरांची फर्माईश बेंजोला आणि डीजेला.

यातला फरक फार महत्त्वाचा आहे. डीजे कुठलंही गाणं लावू शकतो. बेंजोवाल्याला ते आधी वाजवता यावं लागतं. तो नोटेशन बघत नाही. गाणं पुन्हा पुन्हा ऐकून कानानं बसवतो. शिवाय त्याच्या वाद्याला शब्द नाहीत. रॅपचा लांब तुकडा, गायकाच्या आवाजातली नखऱ्याची लकब, स्टुडिओतला ठोका, यातलं काहीच तारेवर उतरत नाही. उतरते ती फक्त चाल. म्हणून बेंजो ही नव्या गाण्यांची चाळणी आहे. शब्द काढून टाकल्यावरही जे दोन स्वरांत ओळखू येतं तेच तिच्यातून खाली पडतं. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये आलं आणि त्याच पावसाळ्यात गणपतीला बेंजोवर वाजलं. पुढच्या प्रत्येक मोसमात ते वाजत राहिलं, कारण त्याची सुरुवातच अशी आहे की मिरवणुकीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही काय येतंय ते कळतं. त्याच काळात मोबाइलवर खूप गाजलेली पुष्कळ गाणी बेंजोवर आलीच नाहीत. वर्षभरात ती मोबाइलमधूनही गेली.

नाव सांगून मागितलेलं गाणं

आता थोडं मागे. गाणं घरी सापडण्याची सोय या भागात रेडिओनं केली. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचा क्रम रेकॉर्डच्या खपावर आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पत्रांवर ठरायचा. गाणं कितव्या पायरीवर आहे हे ऐकून ते आवडायचं की आवडतंय म्हणून ते पायरी चढायचं, हा घोळ तेव्हाही सुटला नव्हता. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारनं माघार घेतली.

आकाशवाणी पुणे केंद्रानं मात्र त्याआधीच नवं गाणं रुजवण्याचा एक मोठा प्रयोग केला होता. १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर गदिमा आणि सुधीर फडक्यांचं ‘गीतरामायण’ प्रसारित झालं, एकूण ५६ गीतं. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची, गीत नवं, आणि पुढचं ऐकायला आठवडाभर थांबायचं. त्या थांबण्यात आधीचं गीत तोंडात बसायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर एका वेळी एकच गाणं हातात दिलं जायचं आणि ते पुढे सरकवता येत नसे.

मुंबई आकाशवाणीवरच्या ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जात. गाव आणि आडनावांची ती यादी गाण्याइतक्याच लक्षपूर्वक ऐकली जायची. कुणाला तरी हे हवंय, हे कळलं की आपणही नीट ऐकतो. शिफारस म्हणतात ती हीच.

१९८० नंतर कॅसेट आली आणि शिफारशीचं ठिकाण बदललं. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना जी गाणी किरकोळ वाटायची ती छोट्या कंपन्यांनी स्वस्तात काढली. भीमगीतं, कोळीगीतं, लग्नाची गाणी, पोपटासारखी थट्टेची गाणी. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ साली उत्तर हिंदुस्थानातल्या या उलथापालथीवर ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं; त्यात सांगितलेली गोष्ट नेरळ, कर्जत, खोपोलीच्या बाजारपेठेतही घडत होती. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं याच वाटेनं डोंगराच्या आतल्या बाजूला पोचली. बाजारात कॅसेटचं दुकान असायचं आणि तिथे कोरी कॅसेट देऊन हवी ती गाणी ‘भरून’ घेता यायची. यादी कागदावर लिहून न्यावी लागे. दोन्ही बाजू मिळून तास-दीडतास. कुठलं गाणं घ्यायचं आणि कुठलं गाळायचं, हे ठरवताना आवड आपोआप पक्की होई. शेवटी जागा उरली तर दुकानदार स्वतःच्या पसंतीचं एखादं टाकायचा. नव्या गाण्याची ओळख अनेकांना त्या उरलेल्या जागेतून झाली आहे.

मग मोबाइल आला आणि तीच दुकानं मेमरी कार्ड भरून देऊ लागली. दहा-वीस रुपयांत शेकडो गाणी. ‘आगरी-कोळी’, ‘डीजे’, ‘भक्ती’, ‘जुनी’ असे फोल्डर तयार असत. निवडायचं आता दुकानदारानं आणि गाळायचं कुणीच नाही. वाडीवर वीज येत-जात असली तरी चिनी मोबाइलचा मोठा स्पीकर चालायचा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर वेगवेगळ्या तालुक्यांतली माणसं भेटतात आणि ब्लूटूथनं गाणी एका हातातून दुसऱ्या हातात जातात. यातली किती देवाणघेवाण कधी कुठल्या खपाच्या आकड्यात धरली गेली असेल?

शंभर किलोमीटर आणि कानातले बोळे

कर्जत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १०० किलोमीटरवर आणि नेरळ ८६. इतका वेळ रोज लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसाला गाण्याशिवाय गत्यंतर नाही. पूर्वी त्यावर एकच उत्तर होतं, डब्यातलं भजनी मंडळ. टाळ, कधी छोटी ढोलकी, ठरलेला डबा, ठरलेली लोकल. काही प्रवाशांना त्याचा जाच होई, तक्रारीही होत, पण त्या डब्यात नव्यानं येणाऱ्याला महिन्याभरात पंचवीस अभंग पाठ होत. आता बहुतेकांच्या कानात बोळे असतात. कल्याण सुटलं की अंगठा पडद्यावर वरखाली फिरायला लागतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, पण पाठोपाठ रील्स आलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स आलं, आणि पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा ही नव्या गाण्याची पहिली भेट ठरली. त्याचा फायदा नक्की झाला. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये कुठल्याही मोठ्या सिनेमाच्या पाठबळाशिवाय रायगडच्या हळदीत वाजलं. एरवी खानदेशातलं गाणं इकडे यायला सिनेमा लागला असता, नाहीतर एखादी वऱ्हाडी बस. ‘दादूस’ म्हणून ओळखले जाणारे संतोष चौधरी हळदीच्या गाण्यांनी ठाणे-रायगडात आधीच लाडके होते. व्हिडिओमुळे आणि २०२१ च्या मराठी ‘बिग बॉस’मुळे हळदीचं गाणं म्हणजे काय हे उरलेल्या महाराष्ट्रालाही कळलं.

पण तुकडा ओळखणं आणि गाणं आवडणं यात अंतर आहे. हल्ली मांडवात एक गंमत दिसते. नवं गाणं लागतं, ती ठरावीक ओळ येते, सगळे हात वर करून ती पद्धतशीर करतात, आणि पुढच्या कडव्याला नाच ढिला पडतो, कारण पुढचं कडवं कुणी ऐकलेलंच नसतं. मग कुणीतरी ओरडतं, ‘भाऊ, बदल ना!’ त्या गाण्याचा त्या रात्रीपुरता तरी निकाल लागलेला असतो.

प्रयोगशाळेतला मांडव

आवड कशी ठरते यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे आणि ते पोशीरच्या मांडवाला चांगलंच लागू पडतं. रॉबर्ट झायॉन्क यानं १९६८ साली दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. तिचा काही फायदा व्हावा लागत नाही. डॅनियल बर्लाइननं १९७१ मध्ये त्यात भर घातली. अगदी अनोळखी गोष्ट खटकते, अतिपरिचित कंटाळवाणी होते, मधली जागा गोड असते. जुन्या चालीवर नवे शब्द बसवणारी धवलारीण आणि भजनी बुवा त्या मधल्या जागेवर आधीपासूनच उभे आहेत.

२००६ साली मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ‘सायन्स’मध्ये छापलेला प्रयोग तर खास वाचण्यासारखा आहे. त्यांनी अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गाणी घेतली आणि १४,३४१ लोकांना ऐकायला, हवी तर उतरवून घ्यायला दिली. काही जणांना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी घेतलं हेही दाखवलं. आठही गटांत सुरुवात शून्यापासून, गाणी तीच, तरीही वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. सर्वांत चांगली ठरलेली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. पहिले चार जण कशावर उठतात त्यावर पुढचे चाळीस उठतात. एकाच आठवड्यात नेरळच्या मांडवात गाजलेलं गाणं खालापूरला पडतं, त्याचं कोडं इथे बऱ्यापैकी सुटतं.

तिसरी गोष्ट वयाची. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वर्षांतली गाणी लोकांना ऐकवून पसंती विचारली. माणूस साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना गाजलेली गाणी त्याला जन्मभर सर्वांत आवडती राहतात, असं त्यांना आढळलं. आपल्याकडच्या गावात हे वय कसलं? जोडीदारांच्या हळदींचं. एका मोसमात पाच-सात मांडव, तेच मित्र, तीच गाणी. म्हणून पोपट लागल्यावर जे उठतात ते सगळे साधारण एका वयाचे असतात, आणि झिंगाटवर उठणारे दुसऱ्या वयाचे. गाण्यांचा क्रम म्हणजे गावातल्या पिढ्यांचाही क्रम. प्रल्हाद, आनंद, आदर्श, अशा शिंद्यांच्या तीन पिढ्या एका रात्रीत ऐकणाऱ्या मांडवात नाचणाऱ्यांच्याही तीन पिढ्या असतात.

काम मिळालेलं गाणं

या सगळ्या संशोधनात एक गोष्ट मात्र कमी पडते. तिथे माणूस कानाला यंत्र लावून एकटा बसलेला असतो आणि गाण्याला आवडण्याशिवाय दुसरं काम नसतं. इकडे तसं नाही. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला आगरी-कोळ्यांच्या पालख्या पायी जातात. पनवेलकडून चौक, खालापूर, खोपोली असं करत बोरघाट चढतात. ऊन मी म्हणत असतं, चढणीला पाय भरून येतात, आणि तिथे जे गाणं लागतं त्याला पावलं ओढून न्यायची असतात. आईचं नवं गाणं दरवर्षी निघतं, नवरात्राच्या आणि चैत्राच्या तोंडावर तर ढिगानं निघतात. घाटात टिकतात ती थोडी. श्वास लागलेल्या माणसाला ज्यात ओळ मारता येत नाही ते गाणं कितीही सुरेल असलं तरी पायथ्याशीच राहतं.

हळदीच्या गाण्याला आत्याला आणि पुतण्याला एका रिंगणात नाचवायचं असतं. भजनाच्या चालीला बुवामागे वीस बेसूर गळे सांभाळायचे असतात. भीमगीताला तर बापाकडून पोराला इतिहास सांगायचा असतो; ज्या जिल्ह्यात १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला तिथे हे काम हलकं नाही. कोळीगीत समुद्र नसलेल्या गावातही राहिलं, कारण तिथे त्याला मासेमारीचं नव्हे तर नाचाचं काम मिळालं. आणि ज्या गाण्याला असं कुठलंच काम मिळत नाही ते एकट्याच्या कानात महिनाभर वाजतं, कुणालाही न सांगता आवडतं आणि तसंच नकळत जातं.

याचा अर्थ एकट्याची आवड खोटी असा नाही. लोकलच्या खिडकीशी बसलेल्या पोरीला एखादी गझल सापडत असेल, कळंबच्या एखाद्या पोराला कोरियन बँडचं वेड लागत असेल. मोबाइलनं त्यांना दिलेली ही मोकळीक मोठी आहे. गावात आवड लादलीही जाते. स्पीकरवर कुठलं गाणं वाजणार हे बहुधा पुरुषच ठरवतात आणि धवलारणीचा आवाज त्याच स्पीकरखाली बुडतो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम पाळला गेला, तर बायांना त्यानंतर दोन धवलं निवांत म्हणता येतात, हाही त्यातला एक फायदा. तरी एकट्याला सापडलेलं गाणं आयुष्यभराचं व्हायला कधीतरी ते कुणालातरी ऐकवावं लागतं, आणि समोरच्याचं डोकं हललं की नाही ते बघावं लागतं.

तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा मांडव पडायला लागतील आणि वर्षभर मोबाइलमध्ये जमलेल्या गाण्यांची परीक्षा सुरू होईल. कुठलं उरणार हे ओळखायला पाहिलं किती जणांनी याचा आकडा बघायची गरज नाही. बेंजोवाला ते सांगितल्याशिवाय वाजवतो का, दुसऱ्या कडव्यालाही पाय चालतात का, आणि ज्या आत्यानं ते मोबाइलवर कधीच पाहिलेलं नाही ती, ‘मघाचं ते पुन्हा लाव रे,’ म्हणते का, एवढं बघावं. तिन्हींना हो असेल तर ते पुढल्या वर्षी क्रमात एक जागा वर सरकलेलं असेल, पोपटाच्या जरा खाली.